तीन महिन्यांची साखर

चामोर्शी
दि. ९ जून २०२४

दिव्यानी,

जय भीम.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तुमी मले एक बोलता अन् भावाले दुसरं सांगता. जे म्हणायचं ते लिहून पाठवा." आणि फोन ठेवलास. त्यानंतर तुझ्या फोनवर माझा नंबरही बंद करून टाकलास. ठीक आहे. लिहिते.

मूल गावच्या लग्नात बाबा समोरून आले आणि मी त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल फिरत होती, गाल बसलेले, आणि रंग असा काळवंडलेला की तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलात राबणाऱ्या माणसाचाही होत नाही. उभी हयात ज्यांनी एसटीच्या केबिनमध्ये सावलीत काढली, त्यांना या वयात मे महिन्याच्या उन्हात वावरात कोण पाठवतं?

त्यांचे रिपोर्ट तुझ्या नवऱ्यानं, अश्विननं, मला पाठवले. हिमोग्लोबिन साडेनऊ. मागच्या वर्षी साडेतेरा होतं. तीन महिन्यांची साखर पाच पॉइंट एक. ही तीन महिन्यांची तपासणी मीच करायला लावते, कारण बाबांचा स्वभाव मला माहीत आहे. साधी उपाशीपोटीची साखर तपासायची म्हटली की दोन दिवस आधी भात सोडतात आणि डॉक्टरसमोर शहाणे बनतात. या तपासणीला तसं फसवता येत नाही.

आता तूच विचार कर. मधुमेहाच्या माणसाची साखर निरोगी माणसासारखी खाली येते, रक्त उतरतं, वजन उतरतं. मी फार्मसी शिकले आहे, रोज असे रिपोर्ट वाचते. याचा अर्थ एकच निघतो. त्यांच्या पोटात पुरेसं अन्न जात नाही.

संध्याकाळची साखरेची गोळी बंद करायला मी बाबांना सांगितलं आहे. उपाशी माणसाला ती गोळी म्हणजे विष. तुला फॉल-पिकोच्या मशीनवरून उठून दोन वेळा ताट वाढायला सवड नसेल तर तसं सरळ कळव. मी त्यांना इथे आणते.

माधवी


कोरपना
१८ जून २०२४

माधवीबाई,

जय भीम. तुमचं पत्र भेटलं. पहिले मी वाचलं, मंग तुमच्या भावाले वाचून दाखवलं. ते म्हणाले, "माझ्या ड्यूटीचा टाइम झाला," अन् डबा घेऊन सिमेंट फॅक्टरीत निघून गेले. असे तुमचे भाऊ. म्हून उत्तर मीच लिहून राह्यली.

मामाजी सकाळी दोन भाकरी खातात, संगं अंबाडीची भाजी नाई तं बेसन. दुपारी वरण-भात. चारच्या चहाले मुरमुरे. रात्री पुन्हा भात. मागच्या हप्त्यात लाखोरीच्या डाळीचे वडे केल्ते, लेकरायच्या वाटचेही त्याहीनंच खाल्ले अन् मी हासली. विश्वास नसन तं शेजारच्या बुधरीबाईले विचारा. तिच्या अंगणातून माही चूल दिसते.

वावरात ते जात नाई. वावर बटईनं दिलं आहे, हे तुमाले माहीत आहे, पण लिहतानी तुमी विसरल्या. काळे काऊन पडले ते मले नका विचारू. त्याहीले विचारा. ते सांगत नसन तं मी बी सांगणार नाई. घरात राहणाऱ्या माणसाले काही गोष्टी पाळा लागतात, सुट्टीत येऊन जाणाऱ्याले नाई पाळा लागत.

आता गोळीचं. ती गोळी इथच्या डॉक्टरनं लिहून देल्ली. तुमी त्याईले विचारलं का? तुमचं मेडिकल आहे बाई, दवाखाना नाई. मी मामाजीले म्हटलं, डॉक्टरले विचारल्याबिगर सोडू नका. ते म्हणाले, "माही पोरगी शिकलेली आहे."

अन् हो, मी उपाशी ठेवते हे तुमी मूलच्या लग्नातही चार बायांत बोलल्या. मले सांगणारी बाई तुमच्याच पंगतीत होती.

दिव्यानी


चामोर्शी
५ जुलै २०२४

दिव्यानी,

तू म्हणालीस तसं बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मी बरा आहो. ऊन लागलं होतं." म्हणजे उन्हात जातात. तू खोटं लिहिलंस.

संशय नको म्हणून तपासणी पुन्हा करवून घेतली, या वेळी गडचांदूरच्या वेगळ्या लॅबमध्ये. तीन महिन्यांची साखर चार पॉइंट सात. हिमोग्लोबिन नऊच्याही खाली. दोन लॅब मिळून माझ्याविरुद्ध कट करत नाहीत ना? मग माझ्याविरुद्ध कोण आहे ते मला समजतं.

तू म्हणतेस मेडिकल म्हणजे दवाखाना नव्हे. ऐक. गेल्या वर्षी आमच्या बाजारवाडीतली कमळा नावाची बाई माझ्याकडून हीच गोळी न्यायची. तापात तिचं जेवण तुटलं, पण गोळी तिनं सोडली नाही, कारण डॉक्टरनं सोड म्हटलं नव्हतं. सकाळी सुनेनं हलवलं तर घामानं अंथरूण भिजलेलं आणि बाई बेशुद्ध. साखर इतकी खाली गेली होती की पुन्हा शुद्धीवर आलीच नाही. आधल्याच दिवशी ती माझ्या काउंटरवर उभी होती. चेहरा उतरलेला होता, मी पाहिला होता, आणि गोळ्यांची पट्टी कापून दिली होती. बाबांच्या बाबतीत मी तसं होऊ देणार नाही. म्हणून सकाळचीही गोळी बंद करायला सांगितली आहे. डॉक्टरांना हे दोन रिपोर्ट दाखवा, तेही हेच सांगतील.

आणखी एक. माझ्या आम्रपालीचं लग्न जमलं आहे. मुलाचं नाव अजय, ब्रह्मपुरीचे गुणवंतराव त्याचे वडील. सप्टेंबरात साक्षगंध करून पुढे लग्नाची तारीख काढायचं ठरतंय. तोवर बाबांच्या अंगावर थोडं मांस दिसू दे. पाहुण्यांनी विचारलं, "आजोबा असे कसे झाले," तर मी तुझं नाव सांगेन. साक्षगंध झालं की बाबा माझ्याकडेच राहतील.

माधवी


कोरपना
१७ जुलै २०२४

माधवीबाई,

साक्षगंधाचं ऐकून बरं वाटलं. आमू गुणाची पोरगी आहे.

तुमच्या बाकीच्या पत्राले उत्तर देत नाई. एकच विचारते. मामाजी आजकाल पाण्याचा गडू हातातून ठेवत नाई. पाणी पेतात अन् लघवीले जातात, पुन्हा पाणी पेतात. जेवतात दुप्पट अन् वाळून राह्यले. मले सारखं वाटते का साखर वाढली आहे. तुमचे रिपोर्ट म्हणतात कमी झाली. दोन्ही कसं खरं?

रिपोर्ट घेऊन मी डॉक्टरकडे गेल्ती. त्याईनं साखरेचा आकडा पाह्यला, "कंट्रोल चांगला आहे" म्हणाले अन् पुढच्या पेशंटले बोलावलं. पाण्याचं त्याईले सांगतलं तं म्हणाले, उकाडा आहे.

तुमी शिकलेल्या आहा म्हून विचारलं. सांगा.

दिव्यानी


चामोर्शी
२४ जुलै २०२४

दिव्यानी,

डॉक्टरांनीही मी म्हणत होते तेच सांगितलं, हे वाचून समाधान वाटलं. तुला वाटलं नसेल.

या वयात पुरुषांना सारखं लघवीला जावं लागतं, त्याचं कारण वेगळं असतं. चहा कमी कर त्यांचा. आणि "मले वाटते" हा काही पुरावा नाही. वाटण्यावर औषधं चालत नाहीत, आकड्यांवर चालतात. दोन लॅबचा आकडा एका बाजूला आणि तुझं वाटणं एका बाजूला, तर मी कुठे उभी राहू?

तू दुप्पट जेवायला घालतेस हे रक्तात दिसू दे, मग बोलू.

माधवी


चंद्रपूर, दवाखान्यातून
११ ऑगस्ट २०२४

माधवीबाई,

तुमच्या भावानं तुमाले काल फोन केला असन. तुमी निघाल्याही असान. पण तुमच्या तोंडापुढं मले बोलू द्याल याचा भरवसा नाई, म्हून वॉर्डातच बसून लिहते. इथी आल्या का हे तुमच्या हातात देईन.

बारा-पंधरा दिवसांपहिले मामाजी तुमच्या भावाच्या गाडीवर मागं बसून राजुऱ्याले गेल्ते. रस्त्यात जळाल्याचा वास आला म्हून गाडी थांबवली. मामाजीची चप्पल सायलेन्सरले टेकून वितळली होती अन् पायाची कातडी तिले चिपकली होती. त्याहीले काहीच समजलं नाई. गाडीवर बसून गाणं गुणगुणत होते. जखम भरे ना. पिकली. परवा ताप चढला, बोलणं बडबडल्यासारखं झालं. इथी आणलं तवा बोटाले सुई टोचून साखर पाह्यली. पाचशे बारा.

डॉक्टरीणबाईनं तुमचे दोन्ही रिपोर्ट पाह्यले. मंग मले विचारलं, "दुसरं कोणतं औषध चालू आहे?" मी मामाजीकडे पाह्यलं. ते शुद्धीत नव्हते. मंग मी सांगतलं. तुमालेही सांगते.

मामाजीले कुष्ठरोग आहे. डिसेंबरात पाठीवर अन् कोपराजवळ चट्टे दिसले, गरम कपाचा चटका लागे ना. घरोघरी फिरणाऱ्या आशाताईनं ओळखलं. तवापासून सरकारी दवाखान्याचं गोळ्यायचं पाकीट चालू आहे, रोज घेतात. त्यातल्या एका गोळीनं कातडी काळी पडते. ऊन नोहे ते. सगळ्यायचीच पडते, औषध संपलं का हळूहळू उतरते.

दुसरी एक पांढरी गोळी आहे त्यात. डॉक्टरीणबाईनं मले समजून सांगतलं ते मी मले समजलं तसं लिहते. ती गोळी कोणाकोणाच्या रक्ताच्या पेशी लवकर फोडते. मंग शरीर नवीन पेशी बनवत राहते. तुमची ती तीन महिन्यांची तपासणी, पेशी साखरेत किती दिवस मुरल्या त्यावर चालते. जुन्या पेशी उरल्याच नाई तं मुरणार काय? नवीन रक्तात साखर कमीच दिसते, अंगात किती का असे ना. रक्त उतरलं तेही त्याच्याचमुळं. भुकेनं नोहे.

म्हणजे साखर वाढत गेली, रिपोर्टात कमी होत गेली, अन् तुमी तो पाहून पहिले एक गोळी बंद केली, मंग दुसरी.

तुमी मले तीन पत्रं लिहली. त्यात मी काय वाढते, किती वाढते, कुठी पाठवते, सारं विचारलं. एक वेळ नाई विचारलं, का बाबा आणखी काही औषध घेतात का? आपल्या दुकानात अनोळखी माणसाले तं विचारत असान.

दिव्यानी


चामोर्शी
२२ ऑगस्ट २०२४

दिव्यानी,

दोन बोटं गेली. पाय वाचला. डॉक्टरांनी ती पांढरी गोळी बदलून दुसरी दिली, आता बाबांचं रक्त चढेल. इन्शुलिन काही महिने लागेल. हे सगळं तुला माहीत आहे, तू तिथे होतीस. मला दोनच दिवस राहता आलं, कारण वॉर्डाच्या व्हरांड्यात आपण जे केलं त्यानंतर नर्सनं अश्विनला सांगितलं, या दोन बायांतली एकच आत राहील. बाबांनी तुला हाक मारली.

मी तुला म्हणाले होते, "तू माझ्या बापाला मारलंस." तू म्हणालीस, "गोळ्या तुमी बंद केल्या." लोक जेवणाचे डबे उघडे ठेवून आपल्याकडे पाहत होते. मी माझं वाक्य परत घेत नाही. तूही घेऊ नकोस.

त्या पांढऱ्या गोळीबद्दल तू मला शिकवू नकोस. तिनं रक्त फुटतं आणि तीन महिन्यांची साखर खोटी कमी दिसते, हे मला तोंडी परीक्षेत विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं. मला माहीत होतं. पण ती गोळी बाबांच्या उशाशी आहे हे माहीत नव्हतं, कारण ते तू लपवलंस. सगळी औषधं समोर नसतील तर कोणताही रिपोर्ट आंधळाच असतो. तू पाण्याचा गडू लिहिलास, लघवी लिहिलीस, पण ज्या एका ओळीनं मला सगळं कळलं असतं ती लिहिली नाहीस. जुलैमध्ये तुला संशय आला होता. तेव्हा वचन मोडलं असतंस तर बाबांची बोटं असती. मी विचारलं नाही हे खरं. तू विचारल्याशिवाय सांगितलं नाहीस हेही खरं.

आता कामाचं. साक्षगंध बावीस सप्टेंबरला आहे, इथेच चामोर्शीत. गुणवंतरावांच्या घरी बाबांच्या आजाराचं कोणालाही माहीत नाही आणि होता कामा नये. माझ्या नवऱ्याला, धनराजलाही मी सांगितलेलं नाही. पायाला जखम आहे, डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हटलं आहे, एवढं तू आणि अश्विननं सांगायचं. बाबांना कोरपन्यालाच ठेवा. अजयची आजी जुन्या विचारांची आहे. एकदा लग्न होऊ दे, मग पाहू.

एवढे महिने तू बाबांसाठी लपवलंस. आणखी महिनाभर आमूसाठी लपव. तुला ते जमतं.

माधवी


कोरपना
३० ऑगस्ट २०२४

माधवीबाई,

मी लपवलं. तुमचं म्हणणं मले लागलं, कारण रात्री झोप येत नाई तवा मी मले तेच म्हणते. पण तुमी म्हणता म्हून ऐकून घेणार नाई.

काऊन लपवलं ते ऐका. पाकीट घरी आणलं त्या दिवशी मामाजीनं माह्यापुढं हात जोडले. माह्या सासऱ्यानं. "माधवीच्या सासरी समजलं तं आमूचं लगन मोडन," म्हणाले. "तिले सांगू नको. ती घाबरन अन् आपलं घर तोडन." मले तवा वाटलं, म्हातारा माणूस उगाच भेते. पोटची पोरगी, औषधाची शिकलेली, ती काय तोडन? आता तुमचं पत्र आलं. म्हातारा बरोबर होता.

पहिल्या डोसापासूनच हा रोग दुसऱ्याले लागायचा थांबते, हे आशाताई मले सांगते. आठवी शिकलेल्या बुधरीबाईलेही ते समजलं, ती आमच्या घरी चहा पेते. तुमाले समजत नाई असं मी म्हणणार नाई. तुमाले चांगलं समजते. अन् तरी तुमी बापाले घरात ठेवा म्हणता.

मी खोटं सांगणार नाई. मामाजीसाठी गप्प राह्यली ते त्याहीनं मागतलं म्हून. तुमच्यासाठी काऊन राहू? तुमी मले काय देल्लं, चार बायांत बदनामीशिवाय?

तुमचं पत्र मी लपवून ठेवलं होतं. मामाजीनं मागतलं. "माह्याबद्दल आहे न?" म्हणाले. मी नाई म्हणू शकली नाई. चष्मा लावून पुरं वाचलं, घडी घातली. मंग म्हणाले, "माहा फोन कुठी आहे?"

दिव्यानी


कोरपना
६ सप्टेंबर २०२४

माधवी,

आशीर्वाद.

लिहायची सवय नाई, अक्षर समजून घे. तुमची दोघींची पत्रं मी वाचली. एवढी वर्षं गाडी चालवली, पण प्रवाशांचं असं भांडण मी पाह्यलं नाई. त्याईले निदान उतरायचं गाव तं ठाऊक राहे.

दिव्यानीले मी बोलू देल्लं नाई. मूलच्या लग्नानंतर तू फोनवर विचारलं तवा तुले मीच खोटं बोल्लो. ऊन लागलं म्हणालो. तिच्यावर जे आलं ते माह्यामुळं आलं अन् ती तुह्या शिव्या खात गप्प राह्यली. तिच्या ताटात मी कधी कमी पाह्यलं नाई. हे तू चार बायांत बोलली तसं चार बायांत दुरुस्त कर.

चट्टे दिसले तवा पहिले मलेच माही लाज वाटली. बंद बाह्यांचे शर्ट घालत होतो. दवाखान्यात बोटं कापली अन् मंग वाटलं, आता लपवाले उरलं काय? तवाच तुह्यं पत्र आलं. बिमारी मले झाली अन् लाज तुमाले वाटून राह्यली, हे मले मंजूर नाई.

काल गुणवंतरावले फोन केला. अश्विननं नंबर लावून देल्ला. मी त्याईले सांगतलं का मी आम्रपालीचा आजोबा, मले कुष्ठरोग आहे, औषध चालू आहे, माह्यापासून कोणाले धोका नाई, पायाची दोन बोटं नाईत. तुमाले दुसऱ्याकडून समजण्यापेक्षा मी सांगतो. ते म्हणाले, घरी विचारून कळवतो.

आमूले मी आधी विचारलं होतं. तिच्या हो म्हणण्यानंतरच फोन लावला. तुले विचारलं नाई.

साक्षगंधाले यायचं का नाई ते मी ठरवीन. मले कोणी ठेवू नका अन् कोणी नेऊ नका.

तुझा बाबा


चामोर्शी
२५ सप्टेंबर २०२४

दिव्यानी,

साक्षगंध झालं नाही, हे अश्विनकडून तुला कळलं असेल. कसं झालं नाही, ते मी सांगते. दुसऱ्या कोणाकडून ऐकून तू मनाशी काही जुळवावंस, हे मला नको आहे.

बाबांचं पत्र वाचून मी तीन दिवस आमूशी बोलले नाही. धनराजला सगळं सांगावं लागलं. तो म्हणाला, "मला सांगायला काय झालं होतं तुला?" मी उठून दुकानात जाऊन बसले.

मागच्या आठवड्यात गुणवंतराव आणि त्यांचे भाऊ आले. चांगले बोलले. चिवडा खाल्ला. मग गुणवंतराव म्हणाले, "आमची काही हरकत नाई हो. आजकाल औषधं आहेत. फक्त त्या दिवशी आजोबा नको. लोकायची नजर जाते. पायाचंच सांगा न, खोटंही नाई ते."

दिव्यानी, ते ऐकताना मी मान हलवत होते. खरंच हलवत होते. मीच तुला लिहिलेलं होतं ते, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांना ते आपोआप सुचलं होतं. माझ्या तोंडून ते शहाणपण वाटलं होतं. त्यांच्या तोंडून ऐकताना माझ्या बापाच्या अंगावर कोणीतरी दार लावतंय असं वाटलं.

मग ते म्हणाले, "अन् पोरीची एक तपासणी करून घ्या. रिपोर्ट आमाले पाठवून द्या, म्हंजे घरच्यायचं समाधान होईल."

मी विचारलं, "कोणती तपासणी?"

"तुमी औषधवाले. तुमालेच ठाऊक."

"आजार तिला नाही. चट्टा नाही, काही नाही. तपासायचं काय?"

"तसं नाई हो. रिपोर्टात निल आलं का प्रश्न मिटला."

आमू आतून चहा घेऊन आली होती. ट्रे टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "काका, आजोबांशिवाय मी साक्षगंधाला बसणार नाही. आणि रिपोर्ट मी देणार नाही. आज मागितला तर उद्या दुसऱ्या कशाचा मागाल." गुणवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी तिला आवरेन म्हणून. मला आवरायचंही होतं. कपडे घेऊन झाले होते, हॉल ठरला होता. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "भाऊ, चहा घ्या. मग निघा तुम्ही."

चहा न घेताच गेले.

अजयचे फोन येतात. ती उचलते की नाही, मी विचारत नाही.

आता तू खूश होऊ नकोस. मी तुला माफ केलेलं नाही. एक ओळ लिहिली असतीस, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहतं, आणि त्याच्यामागोमाग कमळा येते, आणि मग मी दुसऱ्या कामाला लागते. मूलच्या लग्नातल्या बायांना मी फोन केले. चौघींना. एकीनं उलट मलाच ऐकवलं. हे तुझ्यासाठी नाही, बाबांनी सांगितलं म्हणून.

सहा ऑक्टोबरला, रविवारी, मी आणि आमू येतोय. सकाळच्या बसनं. बाबांना सांग. तुला नको असेल तर मी अंगणात बसेन, पण येणार.

माधवी


कोरपना
१ ऑक्टोबर २०२४

माधवीबाई,

पत्र भेटलं. आमूचं वाचून मी मामाजीले वाचून दाखवलं. ते उठून बाहेर गेले अन् खूप वेळ आत आले नाई.

अंगणात बसाची गरज नाई. खुर्ची आहे. माह्या घरी आलेल्या माणसाले मी जेवायले वाढते, मंग तो कोणी का असे ना. पण मले तुमच्याशी बोलायचं नाई अन् तुमीही नका बोलू. व्हरांड्यातलं वाक्य तुमी परत घेतलं नाई, मीही घेतलं नाई, तं ते तसंच राहू द्या. मले फोन लावायचं म्हणान तं तुमचा नंबर अजून बंद आहे.

मामाजीची पट्टी रोज सकाळी बदलते. आधी गरम पाण्याले हात लावून पाहा लागते, त्याहीले चटका समजत नाई. आमूले करायचं असन तं करू द्या. तुमाले करायचं असन तं तुमी करा, मी बाजूले होईन.

आता ती तीन महिन्यांची तपासणी कोणी करत नाई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सध्या रोज बोटाची साखर पाहा. जेवायच्या आधी अन् जेवल्यावर. काल उपाशीपोटी एकशे साठ होती. मशीनच्या पट्ट्या कोरपन्यात संपल्या आहेत, तुमच्या दुकानातून घेऊन या. आकडा तुमी पाहा, मीही पाहीन. गोळी बदलायची वाटली तं डॉक्टरीणबाईले फोन लावा, अन् तो माह्यासमोर लावा.

दिव्यानी